वरच्या अंगाचे पाणी

विश्वेश्वरय्या म्हटले की म्हैसूरचे कृष्णराजसागर डोळ्यांपुढे येते. पण पावसाच्या पाण्याकडे हा माणूस कसा बघत असे, हे समजून घ्यायचे तर पुणे आणि हैदराबाद या दोन शहरांकडे वळायला हवे.

मुद्देनहळ्ळी या कन्नड खेड्यातला हा मुलगा. वडिलांचे छत्र लवकर हरपले. शिकवण्या करीत त्याने बंगळूरला पदवी मिळवली आणि म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तो पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाला. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला आला. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. नाशिक, धुळे, पुणे अशी फिरती सुरू झाली.

खडकवासल्याच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाया जात असे. साठा वाढवायचा, पण धरणाच्या भिंतीला धोका पोचू द्यायचा नाही, असा पेच होता. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. हे १९०३ सालचे काम.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदी कोपली. पूल गेले, मोहल्ले गेले, हजारो माणसे वाहून गेली. त्या वेळी विश्वेश्वरय्या मुंबई सरकारची नोकरी सोडून परदेशात फिरत होते. निजामाच्या सरकारने त्यांना बोलावून घेतले.

१९०९ मध्ये ते आले. शहरातल्या पडझडीवर न थांबता त्यांनी नदीच्या वरच्या अंगाचे सारे पाणलोट क्षेत्र अभ्यासले. तिथे शेकडो लहानमोठे तलाव होते आणि त्यांतले दोनशेहून अधिक फुटले होते. मातीच्या बांधावरून पाणी सांडू लागले की ते माती कापत जाते आणि बघता बघता बांध फुटतो. त्याचा लोंढा खालच्या तलावावर आदळतो, मग तोही फुटतो. पावसाच्या पुरात या फुटलेल्या तलावांची भर पडली होती.

नदीकाठी नुसत्या भिंती बांधून भागणार नव्हते. शहराच्या वरच मोठे जलाशय बांधावेत, पूर तिथे थोपवावा आणि नदीला पेलेल इतकेच पाणी खाली सोडावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्याच वर्षी ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले. हैदराबादेत पुढे मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरे झाले. पुराला आवर घालणाऱ्या या जलाशयांनी शहराची तहानही भागवली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खालच्या खडकवासल्याला पेलला नाही. तेही फुटले आणि पुणे बुडाले. मुसीच्या तलावांची साखळी जशी तुटली, तशीच ही. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होते. १९६२च्या एप्रिलमध्ये ते गेले.

२०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेत पुन्हा तलावांचे बांध फुटले, वस्त्यांत पाणी शिरले. १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, आपण अभियंता दिन साजरा करतो. त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घालावाच. पण आपल्या गावच्या रस्त्यावरून वाहणारे पाणी कोणत्या टेकडीवरून येते आणि वाटेतला तलाव कोणी बुजवला, हेही एकदा वर चढून पाहावे.