'ॲक्वेरियम' शब्द घराघरात नेणारा माणूस, ज्याच्या पुस्तकामुळे समुद्रकिनारे रिकामे झाले

आज कुणाला घरात समुद्र मांडायचा असेल तर तो काय करतो? दुकानात जातो. काचेची टाकी घेतो, समुद्री मिठाची पिशवी घेतो, पंप, हीटर, निळे एलईडी दिवे, पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारा स्किमर घेतो. मग लहान पोराच्या हट्टापायी एक 'निमो' मासा घेतो. आणि पहिल्याच महिन्यात निमो आडवा पडला की युट्यूबवर उत्तर शोधत बसतो.

आता विचार करा, वीज नाही, पंप नाही, समुद्र लांब आणि पाण्यात नेमकं काय होतंय हे जगात कुणालाच धड माहीत नाही. अशा काळात एका माणसाने लंडनमध्ये बसून समुद्री जीव जगवून दाखवले. त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस.

गॉसचा जन्म 1810 चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढायचे. म्हणजे घरात कला होती, पैसा नव्हता. पोरगं पूल नावाच्या बंदराच्या गावात वाढलं, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर काय काय सापडतं ते बघत. वयाच्या 17 व्या वर्षी, 1827 साली, त्याला थेट न्यूफाउंडलंडला पाठवण्यात आलं. काम काय, तर मासळीच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी.

तिथे 1832 साली दोन गोष्टी घडल्या. एक, त्याच्या हाती सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक लागलं आणि गडी किड्यांच्या मागे लागला. दुसरी, तो कमालीचा धार्मिक झाला. बायबलमधला शब्द न् शब्द खरा मानणारा. या दोन्ही गोष्टी त्याने मरेपर्यंत सोडल्या नाहीत आणि पुढे याच दोन गोष्टींनी त्याला कात्रीत पकडलं.

मधली वर्षं भटकंतीची. कॅनडात शेती केली, ती बुडाली. 1838 मध्ये अमेरिकेत अलाबामाला जाऊन मळेवाल्यांच्या पोरांना शिकवलं, पण तिथली गुलामगिरी बघून जीव रमला नाही. 1839 मध्ये इंग्लंडला परत. कॅनडावरच्या पुस्तकाने थोडं नाव झालं आणि 1844 मध्ये तो पक्षी, किडे, वनस्पती गोळा करायला जमैकाला गेला. तिथल्या पक्ष्यांवरच्या पुस्तकात त्याने रिचर्ड हिल या जमैकन अभ्यासकाचं नाव सहाय्यक म्हणून मुखपृष्ठानंतरच्या पानावर छापलं. त्या काळातल्या गोऱ्या लेखकांकडून अशी अपेक्षा फारशी ठेवता येत नव्हती.

1848 मध्ये त्याने एमिली बोज हिच्याशी लग्न केलं. तीही तितकीच धार्मिक, आणि स्वतः लेखिका. 1849 मध्ये त्यांना मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशीच्या डायरीत गॉसने पोरगा झाल्याची नोंद केली आणि त्याच दमात जमैकाहून एक हिरवी पाकोळी पोहोचल्याचंही लिहून टाकलं. लोक हा किस्सा बाप किती कोरडा होता हे सांगायला वापरतात. एडमंडने मात्र नंतर वडिलांची बाजू घेतली. त्याच्या मते वडील वक्तशीर होते, पोरगा आधी आला म्हणून आधी लिहिला, पक्षी नंतर आला म्हणून नंतर!

तर आता मुद्द्यावर येऊ. टाकीवर.

समुद्री जीव घरात ठेवायचा प्रयत्न करणारा गॉस पहिला नव्हता. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या सब-डीनची पत्नी ॲना थिन हिने 1846 मध्ये टॉर्कीहून जिवंत प्रवाळ लंडनला आणले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसायची. आजचा एअर पंप जे काम करतो ते तिचे दोन हात करत होते, आणि तिचं नाव मात्र कुठे राहिलं नाही. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 च्या सुमारास गोड्या पाण्यात सोन्यामासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या आणि दाखवलं की मासे श्वासातून जे सोडतात ते वनस्पती वापरतात, वनस्पती उजेडात ऑक्सिजन सोडतात, आणि गोगलगायी कुजलेली पानं खाऊन टाकतात. पाणी न बदलता टाकी चालू राहते.

गॉस त्याच वेळी समुद्राच्या पाण्यावर तेच करून बघत होता. जास्त कामाने तब्येत बिघडली म्हणून 1852 मध्ये तो कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला आणि विश्रांती घ्यायची सोडून गुडघाभर पाण्यात उतरला. हातोडा, छिन्नी, बरण्या. खडकांतल्या डबक्यांतून ॲनिमोन, खेकडे, कोळंबी, शेवाळ काढायचं, बरणीत जगवायचं आणि चित्र काढायचं. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने लोकांसाठी जगातलं पहिलं मत्स्यालय उघडलं, तेव्हा त्यात ठेवायला समुद्री जीव पुरवणाऱ्यांत गॉस होता. लोक आयुष्यात पहिल्यांदा मासा वरून नाही, तर बाजूने पोहताना बघत होते.

1854 मध्ये त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. तोवर कुणी 'व्हिवेरियम' म्हणायचं, कुणी 'ॲक्वा-व्हिवेरियम'. 'ॲक्वेरियम' हा शब्द वनस्पतीवाले पाणवनस्पतींच्या हौदासाठी वापरत होते. गॉसने तो उचलला, जिवंत समुद्री टाकीला लावला आणि तो कायमचा चिकटला. मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाला मुंबईकर इंग्रजीत जो शब्द वापरतात, तो रूढ केला गॉसच्या या पुस्तकाने.

बरं, त्याची पद्धत काय होती? आजच्या रीफ टाकीवाल्यांनी नीट वाचावी अशी.

लंडनमध्ये समुद्राचं पाणी मिळवायचं म्हणजे पिंपं भरून आणायची. खर्चिक काम. म्हणून त्याने साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशी चार क्षारं गोड्या पाण्यात मिसळून समुद्र तयार केला आणि 1855 मध्ये ती कृती छापली. आज दुकानात मिळणाऱ्या समुद्री मिठाच्या पिशवीची ही पणजी. फरक इतकाच की आजच्या मिठात कॅल्शियम आणि इतर बारीक घटकही मोजून घातलेले असतात, कारण प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं.

दुसरं, त्याने नव्या पाण्यात लगेच जीव सोडले नाहीत. आधी समुद्री शेवाळ, आणि साधारण आठवड्याने प्राणी. ऑक्सिजन तयार व्हावा हा त्याचा हिशोब. खरं कारण त्याहून मोठं होतं, पण ते कळायला अजून काही दशकं जायची होती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारी. दुसरे जिवाणू त्याचा नायट्रेट करतात, जो बराच सौम्य. हे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आज टाकी घेतली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले की ते मरतात, त्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच असतं. लोक मात्र 'दुकानदाराने आजारी मासा दिला' म्हणून मोकळे होतात.

अर्थात कधीकधी मासा खरंच आजारी असतो. आणि इथे रीजंट्स पार्क पुन्हा गोष्टीत येतं. समुद्री माशांच्या अंगावर मखमलीसारखा थर आणणारा परजीवी 1931 मध्ये आणि मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा 1951 मध्ये, अशी दोन्ही वर्णनं ई. एम. ब्राउन यांच्या नावावर आहेत, आणि ती झाली लंडनच्या त्याच प्राणिसंग्रहालयातल्या माशांवरून. जिथे टाकीत समुद्र आणला, तिथेच टाकीतले रोग ओळखले गेले. साहजिक आहे. समुद्रात परजीवीला पुढचा मासा शोधावा लागतो, टाकीत तो दोन वितींवर असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फसवतो तो असा. परजीवी काही दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून तळाशी जातो. ठिपके गायब! मालक खूश. पण तळाशी कवच करून बसलेल्या त्या एका पेशीतून शेकडो पिल्लं सुटतात आणि पुन्हा मासा गाठतात. तांब्याचं औषध या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं, कातडीतल्याला नाही आणि कवचातल्यालाही नाही. शिवाय तांबं प्रवाळ, ॲनिमोन, कोळंबी यांना विष आहे. म्हणून औषध मुख्य टाकीत कधीच घालायचं नाही. मासे वेगळ्या साध्या टाकीत काढायचे, तिथे उपचार करायचे, आणि मुख्य टाकी सुमारे अडीच महिने माशांविना चालू ठेवायची, म्हणजे परजीवी उपाशी मरतो. त्याहून सोपं म्हणजे नवा मासा आणला की आधीच महिनाभर वेगळा ठेवायचा. गॉसला हे परजीवी माहीत नव्हते, पण मेलेला जीव ताबडतोब काढा, टाकीत गर्दी करू नका, कडक उन्हात ठेवू नका, हा त्याचा रोख आजही जसाच्या तसा लागू आहे.

पुस्तक तुफान चाललं. काचेवरचा कर 1845 मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त होती. रेल्वे किनाऱ्यापर्यंत गेली होती. लंडनमध्ये ॲक्वेरियमची दुकानं निघाली. दिवाणखान्यात टाकी नसेल तर घर अपुरं वाटावं अशी लाट आली. 1856 मध्ये गॉस रॉयल सोसायटीचा फेलो झाला. सगळं जमून आलं होतं.

आणि त्याच वर्षी एमिलीला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. एका अमेरिकन डॉक्टरच्या नव्या, अतिशय वेदनादायी उपचारांत महिने गेले. फेब्रुवारी 1857 मध्ये ती गेली. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता.

त्याच वर्षी गॉसने 'ओम्फॅलॉस' लिहिलं. या ग्रीक शब्दाचा अर्थ बेंबी. खडकांतले जीवाश्म सांगत होते की पृथ्वी फार फार जुनी आहे, बायबल सांगत होतं की ती सहा दिवसांत झाली. गॉसला दोन्ही खरं हवं होतं. त्याने तोड काढली: ॲडम आईच्या पोटातून आला नाही तरी त्याला बेंबी असणार, तसंच देवाने पृथ्वी घडवली तीच जुनेपणाच्या खुणांसह, जीवाश्मांसकट. त्याला वाटलं दोन्ही बाजू आनंदाने स्वीकारतील. दोन्ही बाजूंनी नाकारलं. शास्त्रज्ञ हसले आणि धार्मिक लोकांना देव फसवतो असं म्हणणं सहन झालं नाही. दोन वर्षांनी डार्विनचं पुस्तक आलं.

गॉस मुलाला घेऊन कायमचा डेव्हनला, सेंट मेरीचर्चला गेला होता. पुन्हा डबकी, पुन्हा ओहोटी, आता सोबत छोटा एडमंड. ब्रिटिश ॲनिमोन आणि प्रवाळांवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1860 पर्यंत पूर्ण झाला. त्यातली चित्रं इतकी नेमकी होती की ड्रेस्डेनच्या लेओपोल्ड ब्लाश्काने त्यांवरून काचेचे ॲनिमोन बनवले. 1860 मध्ये त्याने एलायझा ब्राइटवेनशी दुसरं लग्न केलं. नंतरची वर्षं ऑर्किड, सूक्ष्मजीव, शेवटी दुर्बीण. हिवाळ्याच्या रात्री आकाश बघत बसल्याने छातीचं दुखणं जडलं आणि 23 ऑगस्ट 1888 रोजी तो गेला.

एडमंड पुढे मोठा साहित्यिक झाला. 1907 मध्ये त्याने आपल्या आणि वडिलांच्या नात्यावर 'फादर अँड सन' लिहिलं. धर्मावरून बापलेकांचं कसं तुटत गेलं ते त्यात आहेच, पण त्या डबक्यांबद्दलही आहे. लहानपणी जी डबकी त्याने रंगांनी भरलेली बघितली होती, ती हौशी लोकांच्या झुंडींनी ओरबाडून नेली होती. गॉसची पुस्तकं हातात घेऊन लोक किनाऱ्यावर उतरायचे, बरण्या भरायचे, घरी नेऊन आठवड्यात मारायचे आणि पुन्हा यायचे. ज्याला प्रत्येक जीव देवाची करणी वाटायची, त्याच्याच पुस्तकांमुळे हे झालं होतं, आणि एडमंड लिहितो त्याप्रमाणे ते त्याला मनाला फार लागलं होतं.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. रीफ बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे तिथल्या पाण्यातून प्रवाळाचा तुकडा घरच्या टाकीसाठी उचलणं हा गुन्हा आहे, तुकडा जिवंत असो वा मेलेला.