बाबासाहेबांचा रुपया

बँकेत परकीय चलन विभागात होतो तेव्हा रोज सकाळी काउंटरमागच्या फळ्यावर पौंड आणि डॉलरचे भाव खडूने लिहायचं काम माझ्याकडे होतं. भाव वर गेले, खाली आले, की आम्ही पावसाबद्दल बोलावं तसं त्याबद्दल बोलत असू. पाऊस कोणी पाडत नाही, तसा भावही कोणी ठरवत नाही, अशी माझी समजूत. ती समजूत मोडली निवृत्तीनंतर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध सावकाश वाचला तेव्हा. घटनाकार बाबासाहेब आपल्या घरोघरी माहीत आहेत. रुपयाचा हिशेब मांडणारे बाबासाहेब त्या मानाने कमी माहीत आहेत.

त्यांचं परदेशातलं शिक्षण परक्या चलनात झालं. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड. तेव्हा एका पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे ही रक्कम झाली सुमारे १७२ रुपये. वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सांचा शिलिंग. त्या हिशेबाने रुपया म्हणजे सोळा पेन्स.

पण हा भाव काही आपोआप आलेला नव्हता. आपला रुपया चांदीचा, तर पौंड सोन्याचा. १८७३ नंतर चांदी उतरत गेली आणि तिच्याबरोबर दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपयाही. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत खर्च भागवावा लागे. रुपया पडला, की तेवढेच पौंड द्यायला जास्त रुपये गोळा करावे लागत. म्हणून १८९३ मध्ये सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं टाकसाळीत बंद केलं. रुपये किती पाडायचे हे आता सरकार ठरवू लागलं. पुढे रुपया सोळा पेन्सांवर आणला गेला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तिथेच राहिला.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं, आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा निघाले. ही वेळ मात्र विलक्षण होती. युद्धानंतर चांदी भडकली आणि त्या वर्षाच्या आरंभी रुपया अडीच शिलिंगांच्याही वर गेला. सरकारने दोन शिलिंगांचा भाव जाहीर केला, तो टिकवण्यासाठी लंडनमधली गंगाजळी ओतली, पण भाव काही टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया परत सोळा पेन्सांच्या घरात आला, कधी त्याच्याही खाली उतरला.

लंडनमधल्या विद्यार्थ्याला याचा अर्थ काय? १९२१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी शाहू महाराजांकडे दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. सरकारी दोन शिलिंगांच्या भावाने त्याचे दोन हजार रुपये झाले असते, सोळा पेन्सांच्या भावाने तीन हजार. वरचे हजार रुपये कुठल्याही उधळपट्टीचे नव्हते. हा माणूस सकाळी पावाच्या तुकड्यावर बाहेर पडायचा, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर बसायचा आणि रात्री पापडावर भूक भागवायचा. इकडे मुंबईत रमाबाई काटकसरीने संसार ओढत होत्या.

अशा दिवसांत त्यांनी रुपयावर प्रबंध लिहिला. १९२२ च्या ऑक्टोबरात तो सादर केला. परीक्षकांनी तो सुधारून द्यायला सांगितलं. पैसे संपत आल्यामुळे १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथून तो पुन्हा पाठवला आणि डी.एस्‌सी. पदवी मिळाली. त्याच वर्षी लंडनमध्ये पुस्तक निघालं. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

पुस्तकाचं म्हणणं बँकेतल्या भाषेत सांगतो. रुपये पाडण्याची मोकळीक सरकारच्या हाती असली, की चलन वाढतं आणि महागाई होते. पौंडाशी भाव स्थिर आहे एवढ्यावर समाधान मानू नये, बाजारात रुपयाला काय मिळतं ते पाहावं. आणि रुपया पडला की निर्यातदाराला जो फायदा होतो, तो परदेशातून येत नाही. इथेच वस्तू महागतात, मजुरी तेवढी वाढत नाही, त्या मजुराच्या ताटातून तो येतो. सोन्याच्या आधारावरच्या सरकारी व्यवस्थेचं जॉन मेनार्ड केन्स यांनी समर्थन केलं होतं. तिशीतल्या या विद्यार्थ्याने त्यांच्याशीही मतभेद मांडला.

१९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. बाहेर सोळा पेन्स की अठरा पेन्स असा मोठा वाद पेटला होता. व्यापारी मंडळींना स्वस्त रुपया हवा होता, सरकारला महाग. १९२७ मध्ये अठरा पेन्सांचा कायदा झाला. पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै. हा भाव १९६६ पर्यंत टिकला. १९५६ मध्ये बाबासाहेब गेले तेव्हाही तोच होता.

रिझर्व्ह बँक त्यांच्या पुस्तकातून जन्मली असं आता सर्रास सांगितलं जातं. मध्यवर्ती बँकेची शिफारस त्या आयोगाने केली आणि १९३५ मध्ये बँक सुरू झाली, हे खरं. पण बाबासाहेबांचा मूळ उपाय वेगळा होता. रुपये पाडणं थांबवावं आणि सोन्याचं नाणं चलनात आणावं, असं त्यांनी सुचवलं होतं. ते कोणी स्वीकारलं नाही, आणि पुढे जगातूनच सोन्याचं चलन गेलं. त्यांना न घडलेल्या गोष्टीचं श्रेय द्यायची गरज नाही. त्यांनी विचारलेला प्रश्नच पुरेसा मोठा आहे: भाव बदलला, तो कोणाच्या खर्चाने?

आजही रुपया घसरल्याची बातमी येते, तेव्हा मला माझा तो फळा आठवतो. मग मी घरात पत्नीला विचारतो, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा पगार आपण शेवटचा कधी वाढवला?