फ्रेडरिक बँटिंग : इन्सुलिनचा शोध आणि मधुमेहाचे प्रकार



१४ नोव्हेंबरला आपण शाळेत बालदिन साजरा करतो. जागतिक मधुमेह दिनही त्याच दिवशी असतो, कारण तो डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. मधुमेह मोठ्या माणसांना होतो, गोड खाऊन होतो, असं आपण सहज बोलून जातो. बँटिंग यांचं चरित्र वाचलं की हा गैरसमज दूर होतो.

बँटिंग यांचा जन्म १८९१ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, अ‍ॅलिस्टन गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. डॉक्टर झाल्यावर ते पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले. परत आल्यावर १९२० मध्ये लंडन नावाच्या कॅनडातल्याच शहरात त्यांनी दवाखाना थाटला. पण रुग्ण फिरकेनात! मग जोडीला ते शिकवू लागले. ऑक्टोबरअखेर एका रात्री तासाची तयारी करताना त्यांनी स्वादुपिंडावरचा एक लेख वाचला आणि त्यांना एक कल्पना सुचली.

स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे १८८९ पासून माहीत होतं. म्हणजे साखर आटोक्यात ठेवणारा काहीतरी रस तिथे तयार होत असणार. पण तो वेगळा काढणं कुणाला नीट जमत नव्हतं. बँटिंग टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लिऑड यांच्याकडे गेले. मे १९२१ पासून त्यांनी चार्ल्स बेस्ट या तरुण मदतनीसासोबत कुत्र्यांवर प्रयोग केले. तो रस शुद्ध करण्याचं काम पुढे जेम्स कॉलिप यांनी केलं.

टोरांटोच्या रुग्णालयात तेव्हा लेनर्ड थॉम्प्सन नावाचा एक मुलगा मरणाच्या दारात होता. त्या काळी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं एवढाच उपाय होता. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला पहिलं इंजेक्शन दिलं, पण औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. २३ जानेवारीला शुद्ध केलेलं औषध दिलं आणि त्याची साखर उतरली. लेनर्ड पुढे तेरा वर्षं जगला.

लेनर्डला जो आजार होता त्याला आज टाइप १ म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात मुलाची चूक नसते, आईवडिलांचीही नसते. इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. टाइप २ मध्ये इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. आनुवंशिकता, वाढलेलं वजन, बैठी जीवनशैली ही त्याची मुख्य कारणं. तिसरा प्रकार गरोदरपणातला. तो बहुधा बाळंतपणानंतर जातो, पण पुढे टाइप २ होण्याचा धोका राहतो.

१९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळालं. बँटिंग यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्ट यांना दिली. डॉक्टरने औषधावर हक्क सांगू नये म्हणून सुरुवातीला त्यांनी पेटंटवर स्वतःचं नाव घालायला नकार दिला. सहकाऱ्यांनी ते हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाला दिले. फेब्रुवारी १९४१ मध्ये विमान अपघातात बँटिंग गेले, अवघ्या ४९ व्या वर्षी.

आता आपल्या वर्गाकडे वळूया. एखादं मूल सारखं पाणी पितं, वारंवार लघवीला सुट्टी मागतं, खाऊनही वाळत चाललंय, पेंगतंय. अशा वेळी त्याला रागावू नका. त्याच दिवशी पालकांना कळवा आणि साखर तपासायला सांगा. टाइप १ मध्ये उशीर जिवावर बेतू शकतो. आणि डब्याआधी इंजेक्शन घेणाऱ्या मुलाला ‘फार गोड खाल्लंस का रे?’ असं चुकूनही विचारू नका. लेनर्डच्या वेळी औषध नव्हतं. आज ते आहे. आपण फक्त वेळेवर ओळखायचं आहे.