बायसनांचा सांभाळकर्ता

अमेरिकेच्या विस्तीर्ण माळांवर एके काळी कोट्यवधी बायसन चरत असत. उंच वशिंडाचा, दाट आयाळीचा हा धिप्पाड रानबैल म्हणजे तेथील आदिवासींचा अन्नदाताच. परंतु कातड्याच्या लोभाने शिकाऱ्यांनी त्याचा असा संहार केला की, माळावर हाडेच तेवढी उरली.

विल्यम हॉर्नडे यांचा जन्म १८५४ साली झाला. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते हुबेहूब उभे करण्यात ते निष्णात होते. त्यासाठी तरुणपणी ते निलगिरीच्या रानांतही हिंडले. १८८६ साली, जात नष्ट होण्यापूर्वी संग्रहालयासाठी नमुने मिळावेत म्हणून, त्यांनी माँटानात वीसहून अधिक बायसन मारले. हेतू काहीही असो, शेवटच्या मोजक्या जनावरांवर बंदूक रोखणे हे काही भूषण नव्हे.

परतल्यावर मात्र ते स्वस्थ बसले नाहीत. १८८९ च्या त्यांच्या अहवालात उत्तर अमेरिकेतील बायसनांची गणती होती : रानातले व पाळलेले मिळून अवघे १,०९१!

पुढे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी तेथे कळप जोपासला. ऑक्टोबर १९०७ मध्ये त्यातील १५ बायसन, लाकडी पेटाऱ्यांत घालून, आगगाडीने दूर ओक्लाहोमातील विचिटा डोंगरांकडे निघाले. तेथे कोमँची जमातीचे लोक मुलाबाळांसह त्यांची वाट पाहत होते. वृद्धांनी तरुणपणी या जनावरांमागे घोडे दौडविले होते. मुलांना ती केवळ ऐकून ठाऊक होती.

हॉर्नडे १९३७ साली निवर्तले. विचिटाच्या कुरणांत आज शेकडो बायसन चरतात.