विदर्भपुत्र नागार्जुन

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी वसलेल्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीतून भव्य स्तूप उजेडात आला. तेथील एका शिल्पात मुचलिंद नाग कोरला असून त्याचे नावही ब्राह्मी लिपीत दिले आहे. हा स्तूप उभा राहून काही शतके लोटली, तेव्हा याच विदर्भात एका ब्राह्मण कुळात आचार्य नागार्जुन जन्मला, असे तिबेटी परंपरा मानते. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाचे दुसरे शतक धरला जातो.

त्याच्या धर्मांतराची कथा कुमारजीवाच्या नावावरील चिनी चरित्रात आली आहे. वेदविद्येत पारंगत झालेल्या या तरुणाने तीन मित्रांसह अदृश्य होण्याची विद्या मिळवली आणि चौघेही राजाच्या अंतःपुरात शिरू लागले. राजाने दारात बारीक वाळू पसरविली. पावले उमटताच सैनिकांनी हवेत तलवारी फिरविल्या. तिघे मित्र मारले गेले. नागार्जुन मात्र श्वास रोखून राजाच्या अगदी निकट उभा राहिला, कारण तेथे शस्त्र चालविण्यास मनाई होती. वासना हेच दुःखाचे मूळ, हे त्याला त्या क्षणी उमगले. सुटका होताच डोंगरातील एका स्तूपापाशी जाऊन त्याने प्रव्रज्या घेतली.

कथेत अद्भुताचा अंश मोठा आहे, तरी माणूस ओळखीचा वाटतो. चीवर अंगावर आले तरी अहंकार गेला नाही. ग्रंथ झपाट्याने आत्मसात केल्यावर स्वतःचाच वेगळा पंथ काढावा, असे त्याने योजिले. तेव्हा नागराजाने त्याला सागरतळीच्या प्रासादात नेऊन महायानाची अपार सूत्रे दाखविली आणि आपले ज्ञान किती तोकडे आहे, हे त्याला कळले. खरे मतांतर बहुधा हेच.

‘मूलमध्यमककारिका’ या २७ प्रकरणांच्या ग्रंथात त्याने प्रतिपादिले की, प्रत्येक वस्तू इतर कारणांवर अवलंबून असते, म्हणून ती स्वभावशून्य होय. मग तुझे वचनही शून्यच, हा प्रतिपक्षाचा आक्षेप त्याने ‘विग्रहव्यावर्तनी’त परतविला. वादाची जुनी हौस येथे कामी आली.

सातवाहन राजाशी त्याचा स्नेह होता. नागार्जुनाच्या रसायनाने राजा दीर्घायुषी झाला आणि राजपुत्राला सिंहासन मिळेना. अखेर त्याने आचार्यांकडे मस्तकाचे दान मागितले. नागार्जुनाने गवताच्या शुष्क पात्याने आपली मान छेदून दिली, अशी कथा सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने नोंदवून ठेवली आहे.