सागरी स्वावलंबनाचे शिल्पकार : शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. त्यांनी १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची ‘लॉयल्टी’ आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिची कोंडी केली. सरकारने संरक्षण दिले नाही. १९२३ च्या करारान्वये सिंदियाला दहा वर्षे केवळ किनारी वाहतूक, तीही ७५,००० टनांच्या मर्यादेत, स्वीकारणे भाग पडले.

कायदा परक्यांच्या हाती असता केवळ भांडवल व धाडस पुरत नाही, हे वालचंदशेठ जाणून होते. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी त्यांनी लावून धरली. साराभाई हाजी यांचे तत्संबंधी विधेयक १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळापुढे आले. त्याचा कायदा मात्र झाला नाही. तरीही ते खचले नाहीत. १९४१ मध्ये त्यांनी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा पाया घातला. तेथील ‘जलउषा’चे १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखण्याचे धोरणही सरकारने स्वीकारले.

८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या थोर श्रावकास विनम्र आदरांजली!