निळी अंडी देणारी कोंबडी आणि बारावीतला तो चौकोन, दोन्हींच्या मागे एकच माणूस होता

इन्स्टावर ती रील तुम्हीही पाहिली असेल. परसातल्या खुराड्यात हात जातो आणि टोपलीत एकेक करून पांढरी, तपकिरी, निळी, हिरवी अंडी जमा होतात. खाली कमेंटमध्ये भांडण ठरलेलं. रंगवलीत की एडिट केलीत?

तर दोन्ही नाही. काही कोंबड्या खरंच निळी अंडी देतात. हा निळा रंग एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसा जातो, ते 1933 मध्ये मांडलं रेजिनाल्ड पनेट या ब्रिटिश शास्त्रज्ञानं. आडनाव ओळखीचं वाटतंय? बरोबर. बारावीच्या बायोलॉजीत चार खान्यांचा चौकोन काढून आपण मार्क मिळवले, तो पनेट स्क्वेअर याच गड्याचा.

डॉक्टर व्हायचं होतं, झाले भलतेच

पनेट यांचा जन्म 1875 चा, इंग्लंडमधल्या केंटमधल्या टनब्रिजचा. लहानपणी अपेंडिक्सच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले आणि पडल्या पडल्या प्राण्यांवरची पुस्तकं वाचून काढली. पुढं केंब्रिजला गेले ते डॉक्टर व्हायला, पण रमले प्राणिशास्त्रात.

तेव्हा जगात मेंडेलची हवा होती. मेंडेलनं वाटाण्यांवर केलेले प्रयोग 35 वर्षं विस्मरणात गेले होते, ते 1900 मध्ये पुन्हा उजेडात आले. केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन हे नियम इतर जीवांवर तपासत होते. पनेट त्यांना जाऊन मिळाले. एकीकडे गोड वाटाण्याची फुलं, दुसरीकडे कोंबड्या. 1905 मध्ये पनेटनी मेंडेलिझम नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. या विषयाच्या सगळ्यात पहिल्या पाठ्यपुस्तकांत ते मोजलं जातं.

क्रिकेटच्या दोस्ताला विचारलेला प्रश्न

1908 मध्ये पनेट एका प्रश्नावर अडले. एखादा गुण प्रभावी असेल, तर तो हळूहळू सगळ्यांमध्येच का पसरत नाही? त्यांनी तो प्रश्न सोबत क्रिकेट खेळणाऱ्या जी. एच. हार्डी या गणितज्ञापुढं टाकला. हार्डीनं उत्तर दिलं की प्रभावी असणं वेगळं आणि संख्येनं वाढणं वेगळं. आज तो हार्डी-वाइनबर्ग नियम म्हणून शिकवला जातो. हे उत्तर लक्षात ठेवा, खुराड्यात कामाला येणार आहे.

1912 मध्ये केंब्रिजनं जेनेटिक्सचं प्राध्यापकपद सुरू केलं आणि त्यावर पनेट बसले. ब्रिटनमधलं हे अशा प्रकारचं पहिलं पद.

युद्ध, धान्य आणि नर पिल्लं

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नाची ओढाताण झाली. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला निम्मी पिल्लं नर निघतात, पण ते कळेपर्यंत त्यांनी आठवडेच्या आठवडे दाणा खाल्लेला असतो. पनेटनी सुचवलं की नर-मादी पिसांच्या रंगावरून ओळखा. सोनेरी कोंबडा आणि चंदेरी कोंबडीची जोडी लावली की मुली सोनेरी आणि मुलगे चंदेरी निघतात. पहिल्याच दिवशी निकाल.

पण ही युक्ती एकाच पिढीपुरती. म्हणून पनेट आणि त्यांचे सहकारी मायकल पीज यांनी 1929 मध्ये कॅम्बार ही जात तयार केली. यात दर पिढीत पिल्लाच्या रंगावरूनच नर-मादी कळते. पुढं याच पद्धतीनं लेगबार आली.

आणि मग निळं अंडं आलं

1930 च्या सुमारास क्लॅरन्स एलियट हे वनस्पती गोळा करणारे गृहस्थ चिलीहून झाडांसोबत काही कोंबड्याही घेऊन आले. त्या निळी अंडी देत होत्या. त्या पनेटकडे पोचल्या. त्यांनी इतर जातींशी संकर केले आणि दाखवलं की निळा रंग एकाच प्रभावी जनुकाचा खेळ आहे. निळ्यावर तपकिरी रंगाचा थर चढला की अंडं हिरवं दिसतं. हेच रक्त लेगबारमध्ये उतरवून क्रीम लेगबार तयार झाली. डोक्यावर पिसांचा झुपका, निळी अंडी आणि पहिल्या दिवशी ओळखू येणारी पिल्लं. 1958 मध्ये ब्रिटनमध्ये तिला अधिकृत मानक मिळालं.

2013 मध्ये जनुक तपासल्यावर कळलं की एका प्राचीन विषाणूचा तुकडा कोंबडीच्या डीएनएमध्ये घुसलाय. त्यामुळं बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य कवचात उतरतं. म्हणून निळं अंडं आतूनही निळं असतं, तर तपकिरी रंग फक्त वरवर असतो.

आज कोंबडी निवडताना याचा काय उपयोग?

पांढऱ्या अंड्यांसाठी लेगहॉर्न, तपकिरीसाठी ऱ्होड आयलंड रेड, गडद चॉकलेटीसाठी मारान्स, निळ्यासाठी क्रीम लेगबार. हिरवी हवी तर निळी आणि तपकिरी यांचा संकर.

निळ्या अंड्यांसाठी अरौकानाही प्रसिद्ध आहे, पण तिच्या कानाजवळच्या पिसांच्या गुच्छाचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर पिल्लू अंड्यातच मरतं. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही.

फसवणूक होते ती कोंबड्यात. तो अंडं देत नाही, त्यामुळं त्याच्यात निळं जनुक आहे का हे बघून कळत नाही. त्याच्या मुली काय देतात यावरून कळतं. निळ्याचं एकच जनुक असलेली कोंबडी आणि पांढऱ्या जातीचा कोंबडा घेतला, तर पनेट स्क्वेअर सांगतो की निम्म्याच मुली निळं देतील. आणि हार्डीचं उत्तर आठवा. रंग प्रभावी आहे म्हणून मिसळलेल्या खुराड्यात निळी अंडी आपोआप वाढत नाहीत. म्हणून पिल्लू घेताना फोटो बघू नका, आईबापांची नोंद मागा. नर-मादी पहिल्या दिवशी कळते का तेही विचारा, कारण नको असलेल्या नरांचं काय करायचं हा प्रश्न नंतर तुमच्याच दारात येतो.

राहिलं पोषण. कवचाच्या रंगानं त्यात फरक पडत नाही, पडतो तो खाद्यानं. त्यामुळं तपकिरी दिसलं म्हणून गावठीचा भाव मोजण्यात अर्थ नाही.

पनेट 1967 मध्ये गेले. त्यांनी आणि बेटसननी 1910 मध्ये सुरू केलेलं जर्नल ऑफ जेनेटिक्स पुढं जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासोबत भारतात आलं. निळ्या अंड्यावरचा शोधनिबंध याच जर्नलमध्ये छापला होता, आणि ते आज बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस चालवते.